एक्स्प्रेसचा थांबा नको, सकाळची पॅसेंजर वेळेवर द्या

रानजाई

आमच्या स्टेशनावर एक्स्प्रेस थांबावी म्हणून गावात सह्यांची मोहीम सुरू आहे. ग्रामपंचायतीसमोर फलक लागलाय, येत्या आठवड्यात खासदारांना निवेदन द्यायचं ठरलंय. मी सही केलेली नाही. का नाही केली ते गावात चार जणांना सांगून झालं, आता इथे सविस्तर लिहिते. छोट्या स्टेशनाजवळ राहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडलेला असणार.

आमचं स्टेशन एकेरी मार्गावरचं. दोन फलाट, गाडी बाजूला उभी करायची एक लूप लाइन, चिंचेखाली दोन सिमेंटची बाकं. गाव तिथून दीड किलोमीटर. दिवसभरात वर-खाली मिळून चार पॅसेंजर थांबतात, बाकीच्या गाड्या धडधडत निघून जातात. पूर्वी तालुक्याकडे जाणारी पहिली गाडी सहा पन्नासला यायची आणि साडेसातला पोहोचवायची. कॉलेजची पोरं, कोर्टाच्या तारखेला निघालेले, सरकारी दवाखान्यात नंबर लावायला जाणारे, पहाटे खुडलेली मेथी-कोथिंबीर पाट्यांत भरून निघालेल्या बाया, सगळ्यांची ती गाडी. मी स्वतः त्याच गाडीच्या मासिक पासावर पदवीपर्यंत शिकले. पास नसता तर घरच्यांनी बारावीनंतर थांबवलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मार्च २०२० मध्ये सगळ्या गाड्या बंद झाल्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजरला विशेष गाडी म्हणून एक्स्प्रेसचं भाडं लागलं. किमान तिकीट दहा रुपयांचं तीस झालं. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी ते पुन्हा दहावर आलं. आमची वेळ मात्र परत आली नाही. पहिली गाडी आता आठ चाळीसला येते. तोवर कॉलेजचे दोन तास झालेले असतात आणि भाजीचा सौदा आटोपलेला असतो. दवाखान्यात केसपेपरची रांग दारापर्यंत गेलेली असते. गाडी आहे, पण ज्या कामासाठी माणूस गाडीत बसतो ते काम तिने होत नाही.

आता एक्स्प्रेसचं. जिचा थांबा मागताय ती आमच्याकडून रात्री पावणेदोनला जाते. शिवाय आमचा फलाट जेमतेम बारा डब्यांचा आणि ती गाडी बावीस डब्यांची. जनरल डबे दोन्ही टोकांना. मागच्या पावसाळ्यात एक एक्स्प्रेस क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायला, आमच्याकडे उभी राहिली होती. शेवटचा डबा फलाट सोडून पार मागे, खडीवर. एक आजी तिथे उतरायला निघाल्या, कारण त्यांचं गाव इथून जवळ. डब्याची खालची पायरी खाली उभ्या माणसाच्या कमरेएवढी. आजी दांडीला धरून पाय सोडत होत्या, पाय टेकत नव्हता. दोन पोरांनी काखेत हात घालून त्यांना उतरवलं. त्यांची एक चप्पल रुळात गेली ती गेलीच. आपल्या गावची माणसं आरक्षित डब्यातून जाणार नाहीत, जनरलमधूनच जाणार. दोन मिनिटांच्या थांब्यात, अंधारात, खडीवरून.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की गावाने मागायचं तर गावाच्या वेळेची पॅसेंजर मागावी. एक सकाळी सातच्या आत जाणारी, एक संध्याकाळी सहाच्या सुमारास परत आणणारी. बाकी गाड्या जाईनात का बिनथांब्याच्या.

चाकरमानी

ताई, तुम्ही पोटतिडकीने लिहिलंय, पण रोज तालुक्याला जाणाऱ्यांचाच हिशोब केलात. गाव सोडून मुंबईला आलेल्यांचं काय? आणि त्यांच्या गावी राहिलेल्या आई-वडिलांचं काय?

माझ्या आईला दर तीन आठवड्यांनी केमोसाठी मुंबईला आणावं लागायचं. आमच्या गावचं स्टेशन घरापासून दहा मिनिटांवर. पण तिथे एक्स्प्रेस थांबत नाही. जिथे थांबते ते स्टेशन ३८ किलोमीटर लांब. रात्री रिक्षा ठरवायची, ती गाडीच्या तिकिटाच्या तिप्पट पैसे घ्यायची. वाटेत आईला उलट्या. रिक्षा थांबवून रस्त्याकडेला तिला धरून उभं राहायचं आणि मनात यायचं, तीच एक्स्प्रेस आमच्या स्टेशनातून न थांबता जाते. हे मी सहा वेळा केलंय. तुम्हाला रात्रीचे पावणेदोन अडचणीचे वाटतात. आम्हाला तीच वेळ सोयीची, कारण ती गाडी सकाळी मुंबईत पोहोचवते.

पॅसेंजरवर भरवसा ठेवा म्हणता, तर कोकणात काय झालं तेही बघा. रत्नागिरीची पॅसेंजर पूर्वी थेट दादरला जायची. टाळेबंदीनंतर ती अलीकडच्या दिवा स्टेशनातच संपू लागली. तांदळाचं पोतं, फणस, लहान पोरं घेऊन दिव्याला उतरायचं आणि लोकलच्या गर्दीत घुसायचं. पॅसेंजरला वाली कोणी नसतो. वाटेत प्रत्येक मोठ्या गाडीसाठी तिलाच बाजूला काढतात. जून २०२३ पासून वंदे भारतची भर पडली. कोकणातला मार्ग १९९८ पासून पूर्ण चालू आहे, पण रोहा ते वीर एवढा तुकडा सोडला तर अजून एकेरीच आहे. अशा मार्गावर ज्या गाडीला मान आहे, तीच आपल्या गावात थांबवून घेतली पाहिजे. फलाट छोटा असेल तर वाढवून मागा. त्यासाठी थांबा नाकारायचा, हे मला पटत नाही.

हिरवा झेंडा

मी ३१ वर्षं स्टेशन मास्तर होतो, त्यातली बरीचशी अशाच छोट्या स्टेशनांवर. दोघांचंही दुःख खरं आहे. पण गाडी चालते कशी ते लक्षात न घेता मागणी केली तर कागद फिरत राहतो आणि हाती काही लागत नाही.

दोन मिनिटांचा थांबा दोन मिनिटांचा नसतो. ११० च्या वेगाने येणारी गाडी उभी करायला किलोमीटरभर आधीपासून ब्रेक लावावा लागतो. सुटल्यावर बावीस डबे पुन्हा त्या वेगाला यायला आणखी काही किलोमीटर जातात. सगळं मिळून पाच ते सात मिनिटं. पाच गावांनी थांबे मिळवले की अर्धा तास गेला. एकेरी मार्गावर हा अर्धा तास त्या गाडीपुरता राहत नाही. दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी असते, पलीकडच्या मास्तराने लाइन क्लिअर, म्हणजे मार्ग मोकळा असल्याची परवानगी, दिल्याशिवाय सोडता येत नाही. म्हणजे समोरून येणारी गाडी तेवढा वेळ लूपमध्ये उभी. आणि लूपमध्ये कोण उभं असतं? चाकरमानी म्हणाले तेच, पॅसेंजर. एका गावाच्या एक्स्प्रेस थांब्याची किंमत शेजारच्या चार गावांची पॅसेंजर भरते, हे मी कंट्रोलच्या, म्हणजे गाड्यांची हालचाल ठरवणाऱ्या कार्यालयाच्या, फोनवर रोज ऐकलंय.

आता रानजाईताईंना. पॅसेंजर मागताय, पण तुमच्या स्टेशनाची तिकीटविक्री किती? माझ्या एका स्टेशनावर सकाळच्या गाडीला फलाट भरलेला असायचा आणि खिडकीवर वीस-पंचवीस तिकिटं जायची. उरलेले तसेच चढायचे. वर बसलेल्याला फलाट दिसत नाही, आकडा दिसतो. पास किंवा परतीचं तिकीट तालुक्याच्या खिडकीवर काढलं की ते त्या स्टेशनाच्या खात्यावर जातं, तुमच्या नाही. एक्स्प्रेसचे थांबे तर बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या प्रायोगिक तत्त्वावर मिळतात, मग विक्री बघून पुढचं ठरतं. प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल होतात, असं तिकिटावर छापलेलं तुम्हीही वाचलं असेल. अशा वेळी पंधरा-वीस तिकिटांच्या स्टेशनासाठी गाडी वाढवा म्हणायला अधिकाऱ्याकडे आधार उरत नाही. माझं स्पष्ट मत, सगळीच छोटी स्टेशनं प्रवाशांसाठी चालू ठेवणं शक्य नाही. काही फक्त क्रॉसिंगपुरती ठेवावीत आणि तिथल्या लोकांना बसने मोठ्या स्टेशनावर आणावं.

लालपरी

झेंडावाल्या काकांच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. स्टेशन गावापासून दीड किलोमीटर रानात, एसटी गावाच्या पारावर येते. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट. बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत, इतर विद्यार्थ्यांना एक तृतीयांश पैशांत. रेल्वेत ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० ला थांबली ती अजून थांबलेलीच आहे.

दुसरी गोष्ट, गाडीची वेळ बदलायची तर रेल्वेत किती दारं ठोठावावी लागतात! एसटीत आगारप्रमुखाला गावकरी भेटले, शाळेचं पत्र दिलं की पुष्कळदा महिनाभरात फेरी पुढेमागे होते. आमच्या गावाला मुक्कामी गाडी आहे. रात्री शेवटची फेरी करून बस गावातच राहते, ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात, पहाटे पावणेसहाला तीच गाडी तालुक्याला निघते. रेल्वेकडे आहे का असं काही?

सोनचाफा

मी आत्ता कॉलेजला जाते, दुसऱ्या वर्षाला. आमच्या गावाहून सात वाजता एकच बस आहे. ती मागच्या तीन गावांतून भरूनच येते. आठवड्यातून दोन-तीनदा थांबत नाही, हात करूनही. प्रॅक्टिकल असेल त्या दिवशी बाबा मोटारसायकलवर सोडतात आणि त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. पॅसेंजर कधी भरली म्हणून न थांबता गेलेली मी पाहिलेली नाही.

वऱ्हाडी

मास्तर काका, तुमच्या अनुभवापुढे मी लहान माणूस. पण काही स्टेशनं फक्त क्रॉसिंगपुरती ठेवा, हे वाचून काळजात चर्र झालं. आम्ही हे शेवटापर्यंत बघितलं आहे.

मूर्तिजापूरहून एका अंगाला यवतमाळ आणि दुसऱ्या अंगाला अचलपूर, ही आमची शकुंतला. अडीच फुटी रुळांची, कापसासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली, आणि स्वातंत्र्यानंतरही मालकी खासगी कंपनीकडेच राहिलेली. १९९४ पर्यंत वाफेवर चालली, मग डिझेल लागलं. वेग ताशी वीसच्या आसपास. शेवटी शेवटी गार्डच तिकिटं द्यायचा. लोक नावं ठेवायचे की पळत गेलो तर आधी पोहोचू. पण वाटेवरच्या वाड्या-पोडांतल्या गरिबाला, ज्याच्याकडे बसच्या तिकिटाला पैसे नव्हते, त्याला ती गाडी दवाखान्यापर्यंत नेत होती.

बंद कशी पडली ते ऐका. एका दिवसात नाही. आधी फेऱ्या कमी झाल्या. उरलेल्या फेरीची वेळ कोणाच्याच कामाची राहिली नाही. मग माणसं कमी झाली. मग तिकिटाचा आकडा पडला आणि तो आकडा दाखवून म्हणाले, प्रवासीच नाहीत. रूळ खराब म्हणून गाडी थांबवली ती थांबलीच. ब्रॉडगेज होणार हे ऐकत आमची एक पिढी म्हातारी झाली. रानजाईताईंची गाडी सहा पन्नासची आठ चाळीसला गेली, हा त्या रस्त्यावरचा पहिला टप्पा आहे. आकडा कमी असेल तर तो का कमी झाला, हेही त्याच कागदावर लिहायला पाहिजे.

रानजाई

वऱ्हाडी दादांनी माझ्या मनातलं लिहिलं. काका, सहा पन्नासच्या गाडीला आमच्या खिडकीवर किती तिकिटं जायची आणि आठ चाळीसच्या गाडीला किती जातात, हे दोन आकडे शेजारी ठेवा. आजचा एकटा आकडा बघून निकाल देणं बरोबर नाही. बिनतिकीट जाणाऱ्यांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मात्र खरं आहे आणि मला त्याची लाज वाटते. खिडकी बंद असेल तर आता मोबाइलवर तिकीट निघतं, ती सबब उरलेली नाही.

चाकरमानी, तुमच्या आईंचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमच्या गावाला थांबा नको, असं मी म्हणूच शकत नाही. पण एक विचारू? तुमच्या स्टेशनावरून रात्री दहाच्या सुमारास एक पॅसेंजर त्या ३८ किलोमीटरवरच्या स्टेशनापर्यंत गेली असती, तिथे आडवं पडायला एक बाक असलेली खोली आणि स्वच्छ संडास असता, तर रिक्षा करावी लागली असती का? मोठी गाडी प्रत्येक गावात थांबू शकत नाही, हे काकांचं म्हणणं मला पटतं. पण मग गावाला मोठ्या गाडीपर्यंत नेणारी छोटी गाडी हवी ना. तीच तर आधी हलवतात.

लालपरी, एसटी हवीच. मी एसटीच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. पण सोनचाफाचं वाचा. पन्नास-पंचावन्न माणसांची बस तीन गावांनी भरते. भाजीच्या चार पाट्या घेऊन त्या बसमध्ये चढायला जागा कुठली?

चाकरमानी

ताई, केमो झालेल्या माणसाला रात्रभर स्टेशनाच्या खोलीत बसवा असं तुम्ही म्हणताय. नाही पटत. गाडी बदलणं धडधाकट माणसाला काहीच नसतं. आजारी माणसाला, गरोदर बाईला, दोन पोरं आणि सासूला घेऊन निघालेल्या बाईला तेच सगळ्यात कठीण असतं. पाच-सात मिनिटं गेली तर जाऊ देत. गावाच्या जमिनी रुळांखाली गेल्या तेव्हा कोणी मिनिटं मोजली नव्हती. निदान प्रत्येक तीस-चाळीस किलोमीटरच्या पट्ट्यात एक तरी थांबा रात्रीच्या गाडीला असावा आणि तो कुठे असावा हे आजूबाजूच्या गावांनी मिळून ठरवावं. या मागणीवरून मी हटणार नाही.

हिरवा झेंडा

पट्ट्यात एक थांबा आणि तो गावांनी मिळून ठरवायचा, ही मागणी मी वाचलेल्या निवेदनांतल्या बहुतेक मागण्यांपेक्षा शहाणपणाची आहे. इथे मी माघार घेतो. दहा गावांनी एकत्र येऊन एक थांबा मागितला तर कंट्रोललाही तो बसवता येतो. अडचण होते ती दहा गावांनी दहा थांबे मागितले की.

आणि लालपरी, तुमच्या मुक्कामी गाडीवरून मला एक जुनी गोष्ट आठवली. रानजाईताई, तुमची पहिली गाडी आठ चाळीसला का येते, याचं कारण बहुधा तिच्या रेकमध्ये आहे. रेक म्हणजे डब्यांचा तो संच. तो रात्री जंक्शनला राहत असेल. सकाळी तिथून निघून तुमच्या बाजूच्या टोकाला जातो, तिथून उलटा फिरून तालुक्याकडे येतो. तोवर आठ चाळीस होणारच. पूर्वी तो रेक बहुधा रात्री तुमच्याच टोकाला मुक्कामाला असणार, म्हणून सहा पन्नास जमत होतं. माझ्या वेळी आमच्याकडे असंच होतं. रात्री सव्वादहाला शेवटची पॅसेंजर यायची, इंजिन बंद व्हायचं आणि सगळं स्टेशन एकदम गप्प. ड्रायव्हर-गार्ड रनिंग रूममध्ये, म्हणजे त्यांच्या मुक्कामाच्या खोलीत, स्टोव्हवर भात टाकायचे. पहाटे साडेचारला पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा कर्मचारी, त्यांना उठवायला जायचा.

म्हणजे निवेदनात वेळ बदलून द्या एवढंच लिहू नका. रेक रात्री आमच्या टोकाला मुक्कामी ठेवा, असं लिहा. त्यासाठी काय लागतं तेही लिहा. कर्मचाऱ्यांना झोपायची खोली, डब्यांत भरायला पाणी, झाडलोट, रात्रीचा पहारा, आणि रेक उभा राहील अशी एक मोकळी लाइन. पाणी आणि खोली यांत ग्रामपंचायत काय हातभार लावू शकते, ते ठरावात घाला. मेमूचा, म्हणजे वेगळं इंजिन नसलेल्या विजेवरच्या गाडीचा, रेक मिळाला तर फारच उत्तम, तिला दोन्ही टोकांना केबिन असते, इंजिन काढून उलट्या बाजूला लावावं लागत नाही, आणि थांबून पुन्हा वेग पकडायला वेळ कमी लागतो. हा कागद वाचणाऱ्या माणसाला निदान कळेल की लिहिणाऱ्याला गाडी कशी चालते ते ठाऊक आहे. मंजूर होईलच असं मी म्हणत नाही.

लालपरी

म्हणजे रेल्वेलाही मुक्कामी गाडी माहीत होती! मग माझा विरोध अर्धा कमी झाला. उरलेला अर्धा स्टेशनापासून गावापर्यंतच्या दीड किलोमीटरसाठी. पहाटे सहाला त्या रस्त्यावर दिवे नसतील तर सोनचाफासारख्या मुलींना घरचे पाठवणार नाहीत. तेही लिहा.

रानजाई

दिव्यांचं मी विसरलेच होते. मी स्वतः त्या रस्त्याने बॅटरी घेऊन गेले आहे.

काका, रेकचं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही नुसतं वेळ बदला, वेळ बदला म्हणत राहिलो. उद्या सरपंचांना भेटते. सह्यांचा कागद फाडा असं म्हणणार नाही. त्यात चाकरमानी म्हणतात तसा पट्ट्यातला एक थांबा शेजारच्या गावांना विचारून घालू, आणि त्याच्या वर, पहिल्या क्रमांकावर, मुक्कामी पॅसेंजर. सोमवारपासून आठ दिवस मी आणि शाळेतल्या दोन बाई स्टेशनावर वही घेऊन बसणार आहोत. आठ चाळीसच्या गाडीला कोण चढतं, कशासाठी, तिकीट आहे का, आणि सहा पन्नासला गाडी असती तर आणखी कोण आलं असतं, हे घरोघरी विचारून लिहायचं. वहीत रकाने कसे पाडायचे ते काका, तुम्ही सांगाल का?

हिरवा झेंडा

सांगतो. तारीख, गाडी, चढणारे, उतरणारे, तिकीट, पास, विनातिकीट, कुठे जाणार. विनातिकीट रकाना गाळू नका, तो भरलेला दिसला की बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो. आणि गाडी खरोखर किती वाजता आली ते स्टेशनच्या घड्याळावर बघून लिहा.